सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या पुढचा प्रवास

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री दहानंतर सोलापूर स्टेशनवर गेलात, तर मुंबईच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसपाशी एखादा घोळका हमखास दिसतो. मधोमध एक मुलगा किंवा मुलगी, कपाळाला कुंकू, हातात फायलींची पिशवी. शेजारी दोन भल्यामोठ्या बॅगा, गर्दीत ओळखू याव्यात म्हणून मुठीला लाल रिबीन बांधलेली. आई काही बोलत नाही. मावशी मात्र तिसऱ्यांदा विचारते, ‘पासपोर्ट कुठाय?’ वडील टीसीशी उगाच काहीतरी बोलत उभे असतात. गाडी हलली की मित्रांपैकी कुणीतरी ओरडतं, ‘पोचल्यावर फोन कर बे!’ सकाळी दादर, दिवसभर एखाद्या नातेवाइकाकडं अंघोळ-जेवण आणि रात्री सहारचा विमानतळ.

होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ मध्ये आधी गोव्याची आणि मग मुंबईची विमानं सुरू झाली. पण परदेशी शिकायला निघालेल्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा छोट्या विमानात न्यायच्या तर वजनाचे जादा पैसे मोजावे लागतात, आणि फलाटावर वीस माणसं सोडायला येऊ शकतात तशी तिथं येऊ शकत नाहीत. त्यामुळं सोलापूरकराचं परदेशगमन अजून रेल्वेनंच सुरू होतं.

गंमत अशी, की हे गाव मुळात बाहेरून आलेल्यांनी वसवलं. १८७७ मध्ये इथं ‘जुनी गिरणी’ उभी राहिली, मागोमाग दुसऱ्या गिरण्या आल्या, आणि तेलंगणातून पद्मशाली विणकरांची घरंच्या घरं इथं उतरली. साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौक या पूर्वभागात आजही घरात तेलुगू, दुकानात मराठी, अक्कलकोट रस्त्याला कन्नड आणि विजापूर वेशीत दखनी असा भाषांचा कारभार चालतो. त्या विणकरांना रुजायला अडचण आली नाही असं नाही. पण आलेल्याला आधी कुणाच्या तरी ओसरीवर पथारी मिळे, मग कुणाच्या तरी मागावर हात बसे, मग खोली. सोय कागदावर नव्हती, माणसांत होती. आज त्याच घरांतली नातवंडं डॅलसला आणि ड्रेस्डेनला निघालेली आहेत, आणि त्यांच्या बाबतीत उलटं झालंय: कागद सगळे तयार, ओसरी कुठंच नाही. माझी या सगळ्या प्रकाराबद्दलची तक्रार एवढीच आहे. आपण पोरांना पाठवण्यावर जेवढा जीव आणि पैसा खर्च करतो, त्याचा दहावा हिस्साही ती तिथं टिकतील कशी यावर करत नाही.

आकडे आधी सांगून टाकतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या मोजणीनुसार २०२४ मध्ये तेरा लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशात होते. एकट्या अमेरिकेत २०२३-२४ या वर्षात ३ लाख ३१ हजार आणि पुढल्या वर्षी ३ लाख ६३ हजार. जर्मनीत पन्नास हजारांच्या घरात. यातले सोलापूरचे किती, हा हिशेब करायचा तर आपल्या गल्लीतली घरं मोजावीत. दहा वर्षांपूर्वी एखाद्या अपार्टमेंटमध्ये एक पोरगा बाहेर असायचा आणि त्याच्या आईला सगळे ‘अमेरिकावाल्या काकू’ म्हणायचे. आता ते नाव कुणा एकीला देता येत नाही.

वाटा मुख्यतः तीन. इंजिनिअरिंग झालेले अमेरिका किंवा जर्मनी धरतात. वर्षभरात पदवी हवी असलेले, बहुतेक मॅनेजमेंटवाले, इंग्लंड-आयर्लंडकडं वळतात. आणि नीटमध्ये सरकारी कॉलेजपुरते गुण न मिळालेले ‘फॉरेन एमबीबीएस’ला जातात: रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स, आणि युद्धाआधी युक्रेन. कॅनडा-ऑस्ट्रेलियाची हवा मध्यंतरी जोरात होती, आता उतरलीय. कॅनडानं २०२४ च्या सुरुवातीपासून खात्यात दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरवरून २०,६३५ वर नेली आणि विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियानं व्हिसाची फी आधी ७१० वरून १,६०० आणि वर्षभरात २,००० डॉलर केली. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही.

आता पैसा. इथंच सगळ्यांत जास्त अडतं, आणि याच विषयावर सोलापुरात सगळ्यांत कमी मोकळेपणानं बोललं जातं.

आपल्याकडं एक समज पक्का आहे, की जमीन असली म्हणजे कर्ज मिळतं. माळशिरस-पंढरपूरकडच्या एखाद्या बागायतदाराची दहा एकर ऊस-डाळिंब आहे, पोरगी हुशार आहे, चाळीस लाखांचं कर्ज हवंय. तो सातबारा घेऊन बँकेत जातो आणि मॅनेजर चहा पाजून सांगतो की शैक्षणिक कर्जाला शेतजमीन चालत नाही. कारण साधं आहे. कर्ज थकलं तर तारण ताब्यात घेण्यासाठी बँका ज्या २००२ च्या सरफेसी कायद्यावर विसंबतात, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या हिताची तरतूद आहे. पण त्याच्या पोरीच्या कर्जाला ती आडवी येते. शहरात घर असेल तर ते एनए झालेलं हवं, बांधकाम परवाना हवा, उतारा एका नावावर हवा. पूर्वभागातल्या किती घरांचे कागद असे स्वच्छ असतील? आजोबांच्या नावावर घर, चार भाऊ, खाली यंत्रमाग आणि वर संसार. सही करायला चारही काका लागतात, आणि चौघांच्या चार बायका. तारण नसेल तर सरकारी बँकेची मजल साधारण साडेसात लाखांपर्यंत. वरचं हवं तर खासगी वित्तकंपन्या आहेतच, त्या बिनतारणी देतात आणि व्याज त्या मानानं लावतात.

हे व्याज कसं चढतं ते एकदा कागदावर मांडून बघावं. चाळीस लाखांना ११ टक्क्यांनी वर्षाचं सरळ व्याज ४ लाख ४० हजार. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर सहा महिने ते वर्षभर हप्ता नसतो, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण मीटर पहिल्या दिवसापासून पळत असतो. पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उचलली असेल, तर दोन वर्षांचा कोर्स आणि सहा महिने नोकरीच्या शोधात गेले की चाळीसाचे एकावन्न झालेले असतात. शिकतानाच निदान व्याजापुरते पैसे भरत गेलं तर हा डोंगर उभा राहत नाही. पण हे अर्जावर सही घेताना कुणी समजावून सांगत नाही. एक बरं झालं: एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून बाहेर पाठवलेल्या पैशावर टीसीएस हा कर कापला जात नाही.

शिष्यवृत्तीची वाट अरुंद आहे पण खरी आहे. सयाजीराव गायकवाडांनी महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली नसती तर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोचले नसते. त्यांच्याकडून दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत असलेल्या विद्यापीठात प्रवेश, ही तिची मुख्य अट. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची, इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळी, खुल्या प्रवर्गासाठी वेगळी, अशा योजना आहेत. उत्पन्नाच्या आणि गुणांच्या अटी दरवर्षी थोड्या हलतात, तेव्हा जुन्या शासन निर्णयाच्या झेरॉक्सवर विसंबू नये. आणि पहिला हप्ता उशिरा येऊ शकतो हे धरून तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा. ज्यांच्याकडं तो नसतो त्यांच्यासाठीच योजना असते, हा त्यातला विनोद.

फॉरेन एमबीबीएसचा विषय मी थोडक्यात उरकणार नाही, कारण इथं फसगत मोठी आहे. सोलापूर हे डॉक्टरांचं गाव. कर्नाटकातून, धाराशिव-लातूरकडून पेशंट इथं येतात, मोदीखान्यापासून सात रस्त्यापर्यंत पाट्यांवर पाट्या दिसतात. साहजिकच ‘पोरगं डॉक्टर’ हे इथलं पहिलं स्वप्न. इथल्या खासगी कॉलेजची फी परवडत नाही, आणि बाहेर पाचसहा वर्षांचं मिळून पंचवीस-तीस लाखांत भागतं असं सांगितलं जातं. सांगितलं जात नाही ते असं: बाहेरून आलेल्याला एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते, ३०० पैकी १५० गुण लागतात, आणि अलीकडच्या सत्रांत पास होणारे चारपाचांत एक. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार कोर्स किमान ५४ महिन्यांचा, तोही इंग्रजीतून, एकाच संस्थेत हवा, तिथंच वर्षाची इंटर्नशिप हवी, आणि परतल्यावर इथं पुन्हा वर्षभर. म्हणजे जाहिरातीतली ‘सहा वर्षं’ प्रत्यक्षात आठ-नऊ होतात. ज्या विद्यापीठात शिकवणं इंग्रजीत पण वॉर्डातला पेशंट रशियन किंवा किर्गिझ बोलणारा, तिथं पोरगं स्थानिक भाषा शिकलं नाही तर तपासणार काय? सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये गेले ते चिनी बोलायला-लिहायला शिकले. त्याशिवाय त्यांना रुग्णांची सेवा करता आली नसती. त्यांच्या गावच्या मुलांना ही गोष्ट शाळेपासून ठाऊक असते, पण कन्सल्टन्सीच्या माहितीपत्रकात भाषेचा रकाना नसतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा अठरा हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी परत आणावे लागले. पोलंड-रुमानियाच्या हद्दीवर बर्फात रांगा लागल्या होत्या. इथं घरोघर टीव्हीसमोर माणसं बसून होती. त्यातून सगळे धडा घेतील असं वाटलं होतं. मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानातल्या बिश्केकमध्ये जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले, तेव्हा पुन्हा तेच फोन, तीच रात्र. पुढल्या जूनमध्ये प्रवेश सुरूच.

जर्मनीचं गणित वेगळं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही (बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात दर सेमिस्टरला १,५०० युरो आहे, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही लावलीय), म्हणून इकडं ‘जर्मनी फुकट’ असं बोललं जातं. फुकट काही नाही. वर्षभराचा राहण्याचा खर्च आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे जवळजवळ बारा लाख रुपये. त्यातले महिन्याला ९९२ युरो हातात येतात. शिवाय गुणपत्रिका खऱ्या आहेत असं एपीएस प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, त्याची फी अठरा हजार रुपये. वर्ग इंग्रजीतून भरत असले तरी घरमालक, दवाखाना आणि नोकरी जर्मनच बोलतात. बारावीनंतर चार महिने जर्मनचा क्लास लावून ‘ए-वन’ झालेला पोरगा बेकरीत ब्रेड मागू शकतो, मुलाखत देऊ शकत नाही.

अमेरिकेबद्दल आता कुणी छातीठोक बोलू नये. २०२५ च्या मे अखेरीस विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखती तीनेक आठवडे थांबवल्या; सुरू झाल्या त्या सोशल मीडियाची खाती सगळ्यांसाठी उघडी ठेवण्याच्या अटीवर. सप्टेंबरात नोकरीसाठीच्या नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचा आकार आला. शिक्षणानंतर वर्षभर, आणि विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी दोन वर्षं काम करण्याची जी मुभा आहे, तिच्यावर सगळ्यांचं कर्जफेडीचं गणित उभं आहे. ती मुभा राहील असं धरून चाळीस लाखांचं कर्ज काढणं हा जुगार आहे. खेळायचा तर जुगार समजून खेळावा. इंग्लंडनंही शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा मुक्काम जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी, पीएचडीवाले सोडून, दीड वर्षावर आणलाय.

कागदपत्रांच्या जंगलात शिरत नाही. फक्त एका काट्याबद्दल सांगतो, कारण तो खास आपल्याकडचा आहे. तो काटा म्हणजे आपलं नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, खाली आईचं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. तेलुगू घरांत वर आणि एक: घराण्याचं नाव कुठं आद्याक्षरात, कुठं पूर्ण. तिकडं गेल्यावर बँकेच्या कार्डावर एक, विद्यापीठाच्या ओळखपत्रावर दुसरं, भाडेकरारावर तिसरं. आणि प्राध्यापक पहिल्या तासाला पोरीला तिच्या वडिलांच्या नावानं हाक मारतो. हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण खातं उघडायला यातून तीन आठवडे गेलेले मी पाहिलेत. जायच्या वर्षभर आधी दहावीची सनद, पदवी, आधार, पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एक-एक अक्षर जुळवावं. हे काम एजंट करत नाही, आईनं करावं. ती चुका बरोबर पकडते.

एजंट हा शब्द आता कुणाला आवडत नाही, सगळे ‘ओव्हरसीज एज्युकेशन कन्सल्टंट’ झालेत. चांगलेही आहेत. पण विद्यार्थ्याला ‘आमची सेवा मोफत’ सांगणाऱ्याला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, एवढं लक्षात ठेवलं की त्याची यादी कशी बनते ते कळतं. जिथं कमिशन नाही ती विद्यापीठं त्या यादीत नसतात. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं अशीच सुटतात. आमच्या नात्यातल्या एका मुलाला असंच एका शहरापासून दोन तास दूर असलेल्या कॉलेजात पाठवलं गेलं. माहितीपत्रकावर त्या मोठ्या शहराचा फोटो होता. बसला महिन्याला जे पैसे जात, त्यात इथं एक घर चाललं असतं.

आता बॅगा. आठवडाभर आधी घरात वजनाचा काटा येतो आणि खरं राजकारण सुरू होतं. पुस्तकं निघतात, आजीचं लोणचं जातं; जाकीट निघतं, मेतकूट जातं. इतर गावच्या मुलांपेक्षा सोलापूरच्या मुलाचं एक नशीब चांगलं: आपली कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी पातळ, वाळवून खडखडीत केलेली; महिना-दोन महिने हवाबंद डब्यात तिला काही होत नाही, वजनाला हलकी, आणि दुधात, आमटीत कशातही चुरता येते. तिच्यासोबत शेंगाची चटणी. मिक्सरची नव्हे, उखळात कुटलेली, तेल सुटून गोळा होणारी. हे दोन डबे असले की पहिले पंधरा दिवस पोरगं उपाशी राहत नाही, आणि ते पंधरा दिवसच कठीण असतात. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यानं मात्र विमानतळावर खाण्याचं सगळं फॉर्मवर लिहून जाहीर करावं. लपवलं तर चटणी जातेच, वर दंड. चादर नेऊ नका. मला ठाऊक आहे, आपल्या गावची चादर आहे, तिला भौगोलिक मानांकन आहे. पण ती दोन किलोंची असते, आणि तिकडच्या थंडीला रजईच लागते. जाडजूड जाकीटही इथून नको. ४४ अंशांत घाम पुसत निवडलेलं जाकीट उणे दहाला कुचकामी ठरतं. तिथंच घ्यावं, जुनं मिळालं तर उत्तम.

पोचल्यावरचे पहिले सहा महिने, त्यांच्याविषयी घरी कमीत कमी कळतं. फोनवर पोरगं सांगतं, ‘सगळं मस्त आहे.’ मस्त म्हणजे काय? घर मिळालेलं नसतं, एका खोलीत पाच जणांत गादीवर झोपायला जागा मिळालेली असते. जर्मनीत पत्त्याची नोंदणी केल्याशिवाय पुढचं काही हलत नाही, आणि नोंदणीला घरमालकाचा कागद लागतो. म्हणून घाईघाईनं इंटरनेटवर खोली बघून, न पाहिलेल्या मालकाला दोन महिन्यांचं डिपॉझिट आधी पाठवलं जातं. मालक नसतोच. या एका प्रकारात आपली पोरं जेवढी बुडालीत तेवढी दुसऱ्या कशात नसतील. नियम एकच सांगावा: आपण किंवा आपल्या माणसानं दार उघडून आत पाहिल्याशिवाय पैसा नाही.

मग स्वयंपाक. घरी चहाचा कपही न विसळलेला मुलगा पहिल्यांदा फोडणी टाकतो, मोहरी तडतडते, मिरचीचा ठसका उठतो, आणि छतावरचं धुराचं यंत्र किंचाळायला लागतं. अख्खी इमारत रस्त्यावर येते, कधी अग्निशमनची गाडीही येते. त्या दिवशी सगळ्या मजल्यांशी त्याची ओळख होते, हवी तशी नाही. जायच्या आधी दोन महिने रोज एक वेळचं जेवण त्याला करायला लावावं. आयईएलटीएसच्या क्लासइतकंच ते गरजेचं आहे. मुलींना हे येतं असं गृहीत धरलं जातं. तेही खरं नाही, आणि चार मुलांच्या खोलीशेजारी एखादी मुलगी राहायला आली की स्वयंपाक तिच्याकडं सरकतो, हेही मुलींनी आधीच ओळखून ठेवावं.

इथं सोलापूरच्या मुलाला एक फायदा होतो. अमेरिकेत टेक्सासला असो की न्यूजर्सीला, रूम शोधणाऱ्यांत तेलुगू मुलं पुष्कळ. पूर्वभागातल्या पोरानं ‘एं अन्ना’ म्हणत तोंड उघडलं की त्याला जागा मिळते. त्याच्याबरोबरचा मंगळवेढ्याचा मराठी मुलगाही त्याच ओळखीनं आत घुसतो. मुळात पूर्वभागातली कित्येक घरं व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईऐवजी हैदराबादलाच जातात. रस्ता तीनशे किलोमीटर, आणि उतरायला मामा असतो. चार भाषा कानावर पडत वाढलेल्याला पाचवीची भीती वाटत नाही. पुण्या-मुंबईच्या पोरांच्या इंग्रजीपुढं आपली मुलं बुजतात खरी, पण भाजीवाल्याशी, बसड्रायव्हरशी, खोलीतल्या चिनी मुलाशी आधी ओळख काढतात ती हीच.

नोव्हेंबरमध्ये दिवस मावळायला लागतो चार वाजता. उन्हात वाढलेल्या माणसाला हा अंधार बाधतो, आणि त्याला ‘आळस’ समजून तो स्वतःलाच शिव्या घालतो. जानेवारीत इकडं सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी, उंच नंदीध्वज, अक्षता पडताना उठलेला ‘हर्र बोला’. तिकडं पहाटे पोरगं मोबाइलवर ते बघत बसलेलं असतं, आणि समोर परीक्षेची तारीख. विद्यापीठात समुपदेशक असतो, बहुतेक ठिकाणी फुकट असतो, त्याच्याकडं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. हे इथल्या वडिलांनी स्वतःच्या तोंडानं सांगून पाठवलं, तरच मुलगा जातो.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अठराव्या वर्षी फिलाडेल्फियाला वैद्यक शिकायला गेल्या तेव्हा असं काहीच नव्हतं. होत्या त्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या एक बाई, न्यूजर्सीतल्या रोझेल गावच्या, पत्रांतून ओळख झालेल्या. बंदरावर त्या न्यायला आल्या, घरी ठेवून घेतलं. १८८६ मध्ये पदवी मिळाली, तब्येत मात्र तिथंच खचली आणि परतल्यावर पुढल्या फेब्रुवारीत त्या गेल्या. आंबेडकरांना न्यूयॉर्कला नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला, तो जन्मभर पुरला. लंडनला मात्र रात्रीची भूक पापडावर भागवावी लागली. इतिहासातल्या या गोष्टी आपण पदव्यांसाठी सांगतो. मला त्यात बंदरावर आलेली ती बाई जास्त मोठी वाटते.

आणि द्वारकानाथ कोटणीस. सोलापुरात १९१० मध्ये जन्मले, मुंबईच्या जी. एस. मेडिकलला शिकले, पुढं आणखी शिकायचा विचार होता. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. तिथं असतानाच वडील गेल्याची बातमी आली. परतले नाहीत. आज कित्येक मुलांना आजोबा गेल्याचं व्हिडिओ कॉलवर कळतं, तिकीट परवडत नाही किंवा व्हिसाचे कागद मधेच अडकलेले असतात. त्यांना कोटणीसांची ही बाजू ठाऊक असायला हवी. त्यांनी तिथं लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी तिथंच मरण पावले. भैय्या चौकात त्यांच्या घरी महापालिकेचं स्मारक आहे. चिनी पाहुणे येतात, पुतळ्याला हार घालतात. गावची माणसं फारशी जात नाहीत.

त्या स्मारकाच्या आवारात महिन्यातून एक रविवार, सकाळी दोन तास, बाहेर शिकून आलेल्यांनी येऊन बसावं, आणि जाणाऱ्यांनी आईवडिलांसह प्रश्न विचारावेत. फी नको, भाषण नको, सत्कार तर नकोच. सुट्टीवर आलेल्या मुलानं लग्नाच्या गडबडीतून हे दोन तास काढावेत. जे परत आले, अर्धवट सोडून आले, कर्जात अडकले, त्यांनी तर जरूर यावं; त्यांच्याइतकं कामाचं कुणीच सांगू शकणार नाही. प्रत्येक देशातल्या आपल्या माणसांपैकी दोघांनी वर्षातून एकाच मुलाला पहिले पंधरा दिवस खोलीत जागा द्यायची, अशी एक वही तिथं ठेवावी. महापालिकेनं फक्त खुर्च्या आणि कुलपाची किल्ली द्यावी. पहिल्या रविवारी मी येतो. वही मी आणतो.